ट्रॅकवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का तापतो? एका समीकरणाची गोष्ट

रोजच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं निमूट चालणारी स्पोर्ट्स कार रेसट्रॅकवर नेली की पहिले दोन-तीन लॅप झकास जातात. चौथ्या-पाचव्या लॅपला गिअर बदलताना हलकासा झटका जाणवतो. मग डॅशबोर्डवर 'ट्रान्समिशन हॉट' असा इशारा येतो, आणि त्याकडे काणाडोळा केला तर गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रखडत चालू लागते. मागून दोनशेच्या वेगाने गाड्या येत असताना आपली गाडी अशी मध्येच ढेपाळणं हा नुसता रसभंग नाही, धोका आहे. शिवाय गिअरबॉक्सचं बिल येतं ते वेगळंच.

यावर सल्ले भरपूर मिळतात. मोठा कूलर लाव, महागडं ऑइल टाक, मोठा संप बसव, मॅन्युअल मोडमध्ये चालव. यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर असतो. पण कोणता सल्ला कशासाठी आणि त्याने नेमकं किती अंशांनी भागेल, हे समजायला उष्णतेचा हिशोब मांडावा लागतो. हा हिशोब बारावीच्या विज्ञानाइतकाच अवघड आहे, त्यामुळे घाबरू नका.

उष्णता येते कुठून?

या लेखात 'ऑटोमॅटिक' म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेलं एक बंद भांडं. त्यात इंजिनाला जोडलेला इंपेलर तेल घुसळून फेकतो, ते तेल समोरच्या टर्बाइनवर आदळून तिला फिरवतं, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून टॉर्क वाढवतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग जहाजाच्या पंख्याला झेपेल इतका कमी करणं हा तेव्हाचा प्रश्न होता. मोटारींमध्ये टॉर्क कन्व्हर्टर रुळला तो १९४८ च्या ब्यूइक डायनाफ्लोपासून.

या यंत्राचा गुण आणि दोष एकच आहे: घसरण. इंपेलर आणि टर्बाइन यांच्या वेगात फरक असतो म्हणूनच टॉर्क वाढतो, आणि त्या फरकामुळेच तेल तापतं. हिशोब सोपा आहे. कार्यक्षमता म्हणजे वेगांचं गुणोत्तर गुणिले टॉर्कचं गुणोत्तर. समजा, वळणातून बाहेर पडताना इंजिन ४००० फेऱ्यांवर आहे, टर्बाइन ३४०० वर आणि टॉर्क जवळपास सारखाच आहे. म्हणजे कार्यक्षमता ८५ टक्के. त्या क्षणी इंजिन १५० किलोवॉट देत असेल तर त्यातले २२ किलोवॉट तेलात उष्णता म्हणून मुरतात. घरातला पाणी तापवायचा मोठा गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे अकरा गिझर एकदम लावल्यासारखं झालं.

ब्रेक दाबून धरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आणखी वाईट. टर्बाइन थांबलेली असते, कार्यक्षमता शून्य, आणि इंजिनाची सगळी शक्ती तेलात जाते. कन्व्हर्टरमध्ये चार किलो तेल आहे आणि इंजिन १०० किलोवॉट देतंय असं धरलं तर तेल सेकंदाला सुमारे १२ अंशांनी तापतं. गॅरेजमध्ये 'स्टॉल टेस्ट' पाच सेकंदांच्या वर करू नका म्हणतात, त्यामागे हाच हिशोब आहे.

यावर उपाय म्हणून लॉक-अप क्लच आला. वेग जुळले की इंपेलर आणि टर्बाइन यांना थेट बांधून टाकायचं, म्हणजे घसरण संपली. १९४९ च्या पॅकार्ड अल्ट्रामॅटिकमध्ये तो होता. पण पुढची कितीतरी वर्षं लॉक-अपचा विचार मुख्यतः इंधन वाचवण्यासाठीच झाला, म्हणजे हायवेवर वरच्या गिअरमध्ये एकसमान वेगाने जाताना. ट्रॅकवर गाडी सतत दुसऱ्या ते चौथ्या गिअरमध्ये असते, आणि जुन्या गिअरबॉक्सचा लॉक-अप तिथे बहुतेक वेळ सुटलेलाच असतो.

कन्व्हर्टर सोडला तरी उष्णतेची बाकीची दुकानं चालूच असतात. गिअरचे दाते एकमेकांवर घासतात, तेलाचा पंप सतत फिरतो, सुटलेल्या क्लचच्या चकत्याही तेलात फिरताना थोडा विरोध करतात. शिवाय प्रत्येक शिफ्टला एक क्लच सुटतो आणि दुसरा घसरत घसरत पकडतो. जोरदार शिफ्टमध्ये टॉर्क कमी केला नाही तर अंदाजे १० किलोज्यूल उष्णता एकेका वेळी तयार होते. दोन मिनिटांच्या लॅपमध्ये अशा १५ शिफ्ट धरल्या तर सरासरी सव्वा किलोवॉट. कन्व्हर्टरच्या मानाने ही रक्कम छोटी आहे, पण ती सगळी क्लचच्या पातळ अस्तरावर पडते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

बादली आणि भोक

आता मुख्य समीकरण. गिअरबॉक्स म्हणजे एक बादली समजा. वरून नळ चालू आहे, ती तयार होणारी उष्णता. तळाला भोक आहे, तो कूलर. पाण्याची पातळी म्हणजे तापमान. पातळी जितकी वर, तितकं भोकातून पाणी जोरात बाहेर पडतं. नळातून येणारं आणि भोकातून जाणारं पाणी सारखं झालं की पातळी स्थिर.

शास्त्रीय भाषेत:

साठवण × तापमान वाढण्याचा वेग = तयार होणारी उष्णता − कूलरची ताकद × (तेलाचं तापमान − हवेचं तापमान)

संशोधनात याला 'लम्प्ड मॉडेल' म्हणतात. सगळा गिअरबॉक्स एकाच तापमानाचा गोळा आहे असं मानायचं. हे अर्थातच पूर्ण खरं नाही, पण पहिल्या अंदाजाला ते अतिशय कामाचं आहे.

एक कल्पित गाडी घेऊ. ३०० किलोवॉटचं, म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिन आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक. ट्रॅकवर निम्मा वेळ फुल थ्रॉटल धरला तर सरासरी शक्ती १५० किलोवॉट. त्यातले ८ टक्के गिअरबॉक्समध्ये वाया जातात असं धरू, म्हणजे नळ १२ किलोवॉटचा. हायवेवर १०० च्या वेगाने जाताना हीच गाडी फक्त २० किलोवॉटच्या आसपास शक्ती वापरते, लॉक-अप लागलेला असतो आणि गिअरबॉक्समध्ये एक-दीड किलोवॉटच वाया जातं. म्हणजे ट्रॅकवर नळ आठपटीने मोठा झाला, पण भोक तेच राहिलं.

साठवण किती? दहा लिटर तेल म्हणजे साडेआठ किलो. तेलाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश, म्हणून तेलाचे १७. धातू साधारण ८० किलो, त्याचे ४८. एकूण ६५ किलोज्यूल प्रति अंश. कूलरची ताकद ०.१ किलोवॉट प्रति अंश धरू. म्हणजे तेल आणि हवा यांच्यात १०० अंशांचा फरक असेल तर कूलर १० किलोवॉट बाहेर फेकतो.

आता उत्तरं काढू. हवा २५ अंशांवर असेल तर पातळी कुठे स्थिरावेल? २५ अधिक १२ भागिले ०.१, म्हणजे १४५ अंश. हा आकडा फारच वर आहे. पण तिथे पोचायला वेळ लागतो. साठवण भागिले कूलरची ताकद म्हणजे ६५० सेकंद, जवळपास अकरा मिनिटं. हा या गाडीचा 'काल-स्थिरांक'. ८५ अंशांवरून सुरुवात केली तर तेल १२५ अंशांवर पोचायला सुमारे १२ मिनिटं लागतात, म्हणजे दोन मिनिटांच्या लॅपने सहावा लॅप.

पहिले काही लॅप झकास का जातात, याचं उत्तर इथे आहे. सुरुवातीला गाडी ठीक असते आणि नंतर काहीतरी बिघडतं असं नाही. बादली पहिल्या लॅपपासून भरतच असते, आपल्याला ती काठोकाठ आल्यावर दिसते. ट्रॅक-डेची वीस मिनिटांची एक फेरी हा काल-स्थिरांकाच्या जवळपास दुप्पट काळ आहे, त्यामुळे तेवढ्यात गाडी आपल्या खऱ्या स्थिर तापमानाच्या बरीच जवळ जाते. दोन लॅप मारून 'माझी गाडी नाही तापत' म्हणणाऱ्याने बादलीचा फक्त तळ पाहिलेला असतो.

हवा ४० अंशांची केली तर? स्थिर तापमान १६० होतं आणि १२५ चा टप्पा १२ ऐवजी ८ मिनिटांतच येतो. युरोपातल्या थंड हवेत चाचणी होऊन आलेली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर उन्हाळ्यात आणली की दोन लॅप आधीच का हाश्हुश् करते, ते या एका आकड्यावरून कळतं.

घाटात भरलेली ऑटोमॅटिक गाडी तापते तेही याच समीकरणाने. तिथे शक्ती कमी लागते, पण वेग कमी म्हणून लॉक-अप सुटलेला आणि कूलरला वाराही कमी. म्हणजे नळ मध्यम, पण भोक बारीक.

तापलं तर काय बिघडतं?

ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, एकाच वेळी चार नोकऱ्या करतं. ते कन्व्हर्टरमध्ये शक्ती वाहून नेतं, क्लचला दाब देतं, वंगण करतं आणि उष्णताही वाहून नेतं. तापमान वाढलं की या चारही कामांवर परिणाम होतो.

पहिला परिणाम लगेचचा. तेल पातळ होतं. पंपाच्या आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक फटींतून ते जास्त गळू लागतं (बाहेर नव्हे, आतल्या आत). दाब पडतो, क्लचची पकड सैल होते, तो थोडा जास्त घसरतो. घसरला की आणखी उष्णता.

दुसरा परिणाम हळू होणारा. तेलाचं ऑक्सिडेशन. रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. हा नियम काही जादूचा नाही. अर्‍हेनियसच्या समीकरणात मोलला सुमारे ८० किलोज्यूलची सक्रियण ऊर्जा घातली की १०० अंशांच्या आसपास हेच उत्तर येतं. मग १२५ अंशांवर चालणारं तेल ९५ च्या तेलापेक्षा आठपट वेगाने म्हातारं होतं. तेलात घर्षण नेमकं ठेवणारी रसायनं असतात, ती आधी संपतात. चांगल्या तेलात घसरण्याचा वेग वाढला की घर्षणही किंचित वाढतं, त्यामुळे क्लच गुळगुळीत पकडतो. ही रसायनं संपली की उलट होतं. क्लच पकडतो-सुटतो-पकडतो आणि गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते. मेकॅनिक याला 'शडर' म्हणतात.

तिसरा परिणाम क्लचच्या अस्तरावर. हे अस्तर कागदासारखं असतं. खरोखरच सेल्युलोज, अ‍ॅरामिड तंतू आणि फिनॉलिक रेझिन यांचं मिश्रण. संपातलं तेल १२० अंशांवर असलं तरी शिफ्टच्या त्या पाव सेकंदात अस्तराचा पृष्ठभाग कितीतरी जास्त तापतो, आणि ही उडी संपातल्या तापमानाच्या वर मोजायची. संप आधीच तापलेला असेल तर तीच उडी अस्तराला करपण्याच्या हद्दीत नेते. तेल काढल्यावर काळपट रंग आणि करपट वास आला तर समजायचं की तेल बदलून भागणार नाही.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. तेल तापलं की फुगतं. ४० वरून १२० अंशांवर जाताना दहा लिटरचं सुमारे १०.६ लिटर होतं. आधीच कोणी 'थोडं जास्त असू दे' म्हणून जादा भरलं असेल तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात. फेसाने दाब पडतो आणि तेल ब्रीदरमधून बाहेर येतं. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. आग लागायला आणखी काही लागत नाही.

समीकरणातली लपलेली अट

वरच्या हिशोबात नळ १२ किलोवॉटवर स्थिर धरला होता. पण आत्ताच पाहिलं की तेल तापलं की घसरण वाढते, म्हणजे नळच मोठा होतो. समजा, १२० अंशांच्या वर दर अंशाला ०.०३ किलोवॉट जादा उष्णता तयार होते. मग स्थिर तापमान १४५ ऐवजी जवळपास १५६ येतं. हा दर कूलरच्या ताकदीइतका, म्हणजे ०.१ झाला, तर? मग पातळी कुठे स्थिरावतच नाही. प्रत्येक अंशाला जेवढी जादा उष्णता बाहेर जाते, तेवढीच जादा आत तयार होते. तापमान वरवरच जात राहतं, जोवर ड्रायव्हर, सॉफ्टवेअर किंवा क्लच यांच्यापैकी कोणीतरी हार मानत नाही.

म्हणून '१२० ला ठीक होतं, मग १३५ ला काय होतंय' हा तर्क फसवा आहे. खालच्या तापमानात गिअरबॉक्स स्वतःला सावरतो, वरच्या तापमानात तो स्वतःला आणखी ढकलतो. दोन्ही ठिकाणचे १५ अंश सारखे नसतात.

उपाय, एकेका पदाप्रमाणे

आता प्रत्येक सल्ला समीकरणाच्या कोणत्या पदाला हात लावतो ते पाहू.

१. नळ लहान करणे. हा सर्वांत चांगला उपाय, कारण तो मुळाशी जातो. गाडी उत्पादक नेमकं हेच करतात. २००७ साली आलेल्या लेक्सस आयएस-एफमध्ये मॅन्युअल मोडला दुसऱ्या ते आठव्या गिअरपर्यंत लॉक-अप ठेवला होता. मर्सिडीज-एएमजीने २००८ मध्ये एसएल ६३ साठी टॉर्क कन्व्हर्टरच काढून त्या जागी तेलातला क्लच बसवला. ड्रायव्हरच्या हातात काय आहे? स्पोर्ट किंवा ट्रॅक मोड वापरणे, कारण त्यात लॉक-अप लवकर लागतो. वळणाच्या आत वर-खाली दोन शिफ्ट होत असतील तर मॅन्युअलमध्ये एकच गिअर धरून ठेवणे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम न दाबणे. लॉक-अप लागलाय की नाही हे टॅकोमीटर सांगतो. पाय दाबल्याबरोबर गाडी न वाढता फेऱ्याच उसळल्या तर कन्व्हर्टर घसरतोय. आपल्या कल्पित गाडीत नळ १२ वरून १० किलोवॉट झाला तर स्थिर तापमान १४५ वरून १२५ वर येतं. एक पैसा खर्च न करता २० अंश.

२. भोक मोठं करणे. म्हणजे जादा कूलर. ताकद ०.१ वरून ०.१५ केली की स्थिर तापमान १०५. ४० अंशांच्या हवेतही १२०. खर्च करायचाच तर इथे करा. कूलर नसला तर काय होतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फोर्डची २०१६ ची शेल्बी जीटी३५०. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअल, म्हणजे कन्व्हर्टरची उष्णता नाहीच. तरीही गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा कूलर नसलेल्या गाड्या ट्रॅकवर तापून लिम्प मोडमध्ये जात असल्याच्या तक्रारी झाल्या, २०१७ मध्ये अमेरिकेत खटलाही दाखल झाला. २०१७ च्या मॉडेलपासून कूलर सगळ्याच गाड्यांना देण्यात आले. दुसऱ्या टोकाला २०१७ ची शेव्हरोले कॅमारो झेडएल१. दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह येणाऱ्या या गाडीत एकूण ११ उष्णता-विनिमयक आहेत. ट्रॅकसाठी गाडी बनवणं म्हणजे काय, ते त्या एका आकड्यात येतं.

कूलर बसवताना तीन गोष्टी. हवा आत येण्याइतकीच ती मागून बाहेर जाण्याची वाटही हवी, नाहीतर कूलर म्हणजे नुसती भिंत. दुसरं, बऱ्याच गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारं तेल थेट वंगणाच्या वाटेला जातं. अरुंद पाइप किंवा फिटिंग लावून प्रवाह कमी केला तर तेल थंड होईल, पण बेअरिंग कोरडं पडेल. तिसरं, थर्मोस्टॅट काढू नका. गार, दाट तेलाने शिफ्ट बिघडतात आणि पंपावर भार येतो. ८० ते ९५ अंश ही बहुतेक गिअरबॉक्सची सुखाची जागा आहे. आणि जुना गिअरबॉक्स जळून नवा टाकला असेल तर कूलरही नवा घ्या. आतल्या बारीक वाटांत अडकलेला कीस कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

३. 'हवेचं तापमान' बदलणे. हे पद वाटतं तितकं हाताबाहेर नाही. अनेक गाड्यांत एटीएफ हवेने नव्हे, रेडिएटरच्या पाण्याने थंड होतं. मग समीकरणात हवेच्या जागी पाण्याचं तापमान घाला. ट्रॅकवर ते १०० च्या पुढे असू शकतं, आणि तेल पाण्यापेक्षा थंड होऊच शकत नाही. शिवाय ही १२ किलोवॉट उष्णता इंजिनाच्या रेडिएटरवर जादा ओझं टाकते. अशा गाडीला पाण्याच्या विनिमयकानंतर हवेचा एक कूलर जोडला तर तेल परतताना पाण्यापेक्षा थंड येऊ शकतं. नाहीतर बिनखर्चाचा मार्ग: उन्हाळ्यात सकाळची पहिली फेरी घ्या. ४० ऐवजी २५ अंशांच्या हवेत तोच कूलर १५ अंश जास्त कामाचा.

४. बादली मोठी करणे. मोठा संप, जास्त तेल. तीन लिटर जादा म्हणजे साठवणीत फक्त ५ ची भर, कारण मुख्य साठवण धातूची आहे. स्थिर तापमान तसूभरही बदलत नाही. १२५ चा टप्पा ७१४ सेकंदांऐवजी ७६९ व्या सेकंदाला येतो. म्हणजे एवढ्या खर्चात एक मिनिटही विकत मिळालं नाही.

५. तेल बदलणे. महागडं सिंथेटिक एटीएफ समीकरणातलं एकही पद फारसं हलवत नाही. ते तापमान कमी करत नाही, तापमान सोसतं. त्याचा उपयोग आहेच, पण कूलरऐवजी नव्हे. घर्षणाची रसायनं त्या-त्या गिअरबॉक्ससाठी जुळवलेली असतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेलाच प्रकार घ्यावा. 'लाइफटाइम फिल' या शब्दांवर ट्रॅकवाल्यांनी विसंबू नये. अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते, आणि गाडी जोरात चालवली जात असेल तर त्याहूनही आधी. तेलाची पातळी मात्र सांगितलेल्या तापमानालाच तपासा. ती का, हे वर पाहिलंच.

जाता जाता डीसीटीबद्दल. तिथे कन्व्हर्टर नाही, म्हणून पळताना नळ लहान असतो. पण गाडी हलवताना क्लचच घसरतो. म्हणून कोरड्या क्लचची डीसीटी ट्रॅकपेक्षा ट्रॅफिकमध्ये आणि पुन्हा पुन्हा लॉन्च कंट्रोल वापरताना जास्त तापते.

गाडीत बसल्यावर

हे सगळं झालं गॅरेजमधलं. प्रत्यक्ष ट्रॅकवर आकडा चढताना दिसला तर काय करायचं?

आधी हे लक्षात ठेवा की दिसणारा आकडा बहुधा संपातल्या तेलाचा असतो. कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल त्याहून बरंच तापलेलं असतं, आणि क्लचच्या चकत्यांवर तर सेन्सर नसतोच. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर त्यांचं तापमान अंदाजाने काढतो. कसं? वर लिहिलंय तसंच समीकरण दर काही मिलिसेकंदांनी सोडवून, फक्त प्रत्येक क्लचसाठी वेगळं. मग तो एकेक पाऊल उचलतो: लॉक-अप लवकर लावतो, शिफ्टचे वेग बदलतो, इंजिनाचा टॉर्क कापतो आणि शेवटी लिम्प मोड. म्हणजे लिम्प मोड येईपर्यंत गाडीने तुम्हाला दोन-तीनदा सांगून झालेलं असतं.

उत्पादकाने मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण. नसेल तर माझा ढोबळ हिशोब: ११० पर्यंत मजा करा, १२० ला जोर कमी करा, आणि १३० दिसण्याआधी बाहेर या.

बाहेर येण्याची रीतही समीकरण सांगतं. थंड करणारा एक लॅप हळू मारला, नळ २ किलोवॉटवर आला आणि वारा कमी म्हणून कूलरची ताकद ०.०८ धरली, तर १२५ वरून दोन मिनिटांत सुमारे १० अंश कमी होतात. म्हणजे एका हळू लॅपने अर्धंच काम होतं, दोन मारले तर बरं. हातांनी मागच्यांना वाट द्या, लाईन सोडून चाला.

पिटमध्ये आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो, कूलरमधला तेलाचा प्रवाह थांबतो आणि भोकच बुजतं. उलट तापलेल्या एक्झॉस्टची उष्णता आत झिरपत राहते. बॉनेट उघडा, गाडी पी मध्ये ठेवून दोन-तीन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. ब्रेक दाबून डी मध्ये उभं राहू नका, कारण तेव्हा टर्बाइन थांबलेली आणि इंपेलर फिरता, म्हणजे नळ उगाच चालू. हँडब्रेकही ओढू नका. तापलेले ब्रेक चिकटतात, त्यापेक्षा चाकामागे लाकडाचा ठोकळा लावा.

आणि घरी आल्यावर त्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा: हवेचं तापमान, कितव्या लॅपला किती अंश, किती वेळात उतरलं. एवढ्या तीन-चार आकड्यांवरून आपल्या गाडीचा काल-स्थिरांक आणि स्थिर तापमान काढता येतं. ते एकदा कळलं की कूलर लागतोय, चालवण्याची सवय बदलायला हवी की फक्त फेरी पाच मिनिटांनी छोटी करायची, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. बहुतेक वेळा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त निघतो.